प्रति: मॅनिफोल्डच्या रंगाचे पोपडे

६०० डिग्री सोसणारा सिलिकॉनचा स्प्रे मारूनही मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला जळका धूर सायलेन्सरकडं नेणारा भाग) रंगाचे पोपडे निघाले म्हणता, पण रंग भाजला होता का? सिलिकॉनचा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, टप्प्याटप्प्यानं तापवावा लागतो. इंजिन थोडा वेळ चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग आणखी जास्त वेळ. सुरुवातीला धूर अन् वास येणारच, फक्त गॅरेजचं शटर उघडं ठेवा.

मॅनिफोल्डच्या बिडावरचा (ओतीव लोखंडावरचा) गंज तर आधी निघायलाच हवा. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीकडे सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून सफाई) करून मिळालं तर उत्तमच, नाहीतर तारेचा ब्रश अन् पॉलिश पेपर. थिनरनं पुसल्यावर उघड्या हातानं धरू नका, बोटाचा तेलकटपणा लागला की बरोबर तिथंच रंग सुटतो. खाली साधा प्राइमर नकोच, तो जळतो अन् वरचा रंग घेऊन निघतो.

मे महिन्यात आपल्याकडं परभणी-नांदेडला दुपारी स्प्रे मारला की रंग हवेतच वाळतो अन् भुकटीसारखा बसतो. सकाळीच उरका.

टॅपेट कव्हरला (इंजिनच्या वरच्या झाकणाला) मात्र ६०० चा कशाला? तिथं साधारण शंभर-सव्वाशे डिग्री. अडीचशे डिग्रीचा इंजिन इनॅमल रंग घ्या, तो सांडलेलं ऑइलही जास्त सोसतो. अर्थिंगची वायर बसते ती जागा तेवढी टेपनं झाका.