शब्दचर्चा : वंश, घराणे, कुळ, पाती (फ्रान्सच्या कुर्तने घराण्याच्या निमित्ताने)

प्रश्न

फ्रान्समधील कुर्तने या मध्ययुगीन सरदार घराण्याची वंशावळ मी मराठीत लिहीत आहे. फ्रेंच ग्रंथांत तिच्यासाठी ‘मेझों’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ ‘घर’. मी त्यासाठी कोठे ‘घराणे’, कोठे ‘वंश’, तर कोठे ‘कुळ’ असे लिहिले आहे. परंतु पुन्हा वाचताना ही योजना मनाला येईल तशी झाल्याचे जाणवते. धाकट्या भावापासून निघालेल्या वंशाला ‘धाकटी पाती’ म्हणावे काय, आणि सहाव्या लुई राजाचा धाकटा मुलगा प्येर, ज्याच्या मुलाबाळांनी त्याच्या सासऱ्याच्या जहागिरीचे नाव लावले, त्याला ‘घरजावई’ म्हणता येईल काय, हेही कळावे.

उत्तर

आपण निवडलेले उदाहरण असे आहे की या तीन शब्दांतील भेद तेथे टाळताच येत नाही. गातिने प्रांतात कुर्तने येथे आतों नावाच्या सरदाराने इसवी सन १०००च्या सुमारास गढी बांधली. त्याच्या वंशजांपैकी जोसलिन हा ११०१ मध्ये धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे गेला आणि पुढे एडेसा या तेथील ख्रिस्ती राज्याचा काउंट, म्हणजे सत्ताधारी सरदार, झाला. त्याच्या मुलाच्या काळात, ११४४ मध्ये, ते शहर मोसुलचा तुर्की शासक झंगी याने जिंकून घेतले. फ्रान्समध्ये राहिलेल्या शाखेतील रनो याची मुलगी एलिझाबेथ हिचा विवाह ११५०च्या सुमारास प्येरशी झाला. गढी, जमीन आणि नाव एलिझाबेथकडून आले, तर बापाकडून मुलाकडे जाणारी परंपरा तेथपासून फ्रान्सच्या राजांची, म्हणजे कापे वंशाची, सुरू झाली. म्हणून ११५० नंतरच्या मंडळींविषयी ‘वंश कापे, घराणे कुर्तने’ असेच लिहिले पाहिजे.

‘वंश’ म्हणजे पिढ्यांचा धागा. ‘घराणे’ म्हणजे ठिकाण, नाव, मिळकत आणि प्रतिष्ठा यांसह टिकून राहिलेली गोष्ट. संगीतातील ग्वाल्हेर घराण्यात रक्ताचे नाते नसलेला शिष्यही सामावतो, यावरून या शब्दाला केवळ रक्ताची अट नाही हे उघड आहे. ‘मेझों’साठी ‘घराणे’ हाच शब्द सर्वांत जवळचा. ‘कुळ’ मात्र मी येथे टाळीन. त्याला कुलदैवत आणि कुळाचार जोडलेले आहेत, आणि जमिनीच्या संदर्भात ‘कुर्तनेची कुळे’ असे वाचताच मराठी वाचकाच्या मनात कुळकायद्यातील कुळे उभी राहतील.

‘घरजावई’ हा शब्द येथे चालणार नाही, कारण घरजावई सासऱ्याच्या घरी सासऱ्याच्या आश्रयाने राहतो, तर प्येर हा पत्नीच्या वारशाने स्वतः जहागीरदार झाला. त्याला ‘दत्तक’ म्हणणे तर अधिकच चुकीचे, कारण दत्तक जाणारा जन्मकुळाशी असलेले नाते सोडतो आणि प्येरने तसे काही केले नव्हते. लांब वाटले तरी ‘पत्नीकडून जहागीर मिळालेला’ असे साधे लिहावे. त्याचा भाऊ रोबेर याच्या वंशजांना द्रू या जहागिरीचे नाव मिळाले, पण ती जहागीर राजाकडूनच आली होती. दोघांची तुलना आपल्या टिपेत अवश्य द्यावी.

दुसरे उत्तर

वरील भेद मान्य आहे. आपल्याकडे तो परका नाही: फलटणचे नाईक निंबाळकर आपले मूळ पवारांत सांगतात आणि ‘निंबाळकर’ हे नाव निंबळक या गावावरून आले असे मानतात. फ्रेंच नावांतील ‘द’ (‘अमुक गावचा’) आणि मराठी ‘-कर’ यांचे काम पुष्कळसे एकच आहे, तरी ‘कुर्तनेकर’ असे मात्र लिहू नये. तसे केल्यास ते नाव फ्रेंच राहत नाही.

‘पाती’विषयीचा प्रश्न वर राहून गेला, त्याविषयी माझे मत नोंदवितो. देवास संस्थानात तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या चालल्या. पातीत ‘वाटा’ हा अर्थ आहे. फ्रान्सचे राज्य प्येरच्या वाट्याला अंशतःही आले नव्हते, म्हणून कापे राजांच्या संदर्भात कुर्तनेंना ‘धाकटी शाखा’ म्हणावे; कुर्तनेंच्या स्वतःच्या जहागिरी जेथे भावांत विभागल्या गेल्या, तेथे ‘पाती’ शोभेल.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

पातीविषयीचे हे मत मला मान्य आहे. आता सर्वांत नाजूक शब्द राहिला, तो ‘राजघराणे’.

१६६१ मध्ये जाँ द्यू बूशे याने या घराण्याचा जो वंशवृत्तांत छापला, त्याच्या नावातच ‘मेझों रोयाल’ असे शब्द आहेत. त्याचे भाषांतर ‘कुर्तने राजघराणे’ असे केले तर मराठी वाचक ते गादीवर बसलेले घराणे समजेल. योगायोगाने ते अगदी खोटेही नाही, कारण प्येरचा मुलगा दुसरा प्येर याला १२१७ मध्ये रोममध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राटपदाचा (पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी तेथे स्थापलेल्या राज्याचा) मुकुट मिळाला, तो राजधानीस पोहोचण्यापूर्वीच ग्रीसच्या पश्चिमेकडील एपायरसमध्ये कैद झाला, आणि त्याच्या मुलांपैकी रोबेर व बोदुअँ हे त्या गादीवर बसले. १२६१ मध्ये बोदुअँच्या हातून ते शहर गेले. परंतु द्यू बूशेला ते अभिप्रेत नव्हते. त्याच्या ‘रोयाल’चा अर्थ फ्रान्सच्या राजांचे रक्त असा होता.

१५७६ मध्ये तिसऱ्या आंरीने राजरक्ताच्या सरदारांना इतर सर्व मानकऱ्यांच्या वर स्थान दिले. पुढे १५८९ मध्ये संत लुईचा, म्हणजे नवव्या लुईचा, दूरचा वंशज चौथा आंरी गादीवर आला, तेव्हा कुर्तनेंनीही तो मान मागितला आणि पिढ्यान्पिढ्या मागत राहिले. राजांनी तो कधीच दिला नाही. व्यवहारात संत लुईच्या पुरुषवंशजांनाच हा मान मिळत राहिला आणि कुर्तने त्याच्या आधीच्या राजापासून निघालेले होते. आपल्या कुलवृत्तांतांतील शब्द वापरायचा तर सारा वाद ‘मूळ पुरुष’ कोण धरायचा, सहावा लुई की नववा, एवढ्यावर येतो. घराण्याच्या ढालीवर सोनेरी भूमीवर तीन तांबड्या चकत्या होत्या, म्हणजे चिन्ह आतोंच्या गढीचे आणि दावा राजांच्या रक्ताचा, असे चित्र दिसते.

म्हणून त्या ग्रंथनामासाठी ‘राजवंशीय कुर्तने घराण्याचा वंशवृत्तांत’ असे सुचवितो. या घराण्याचा पुरुषवंश १७३३ मध्ये संपला. १७३७ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने या घराण्यातील एलेन द कुर्तने हिच्या नावापुढील ‘फ्रान्सचे राजरक्त’ हे शब्द काढून टाकण्याचा हुकूम दिला. तेथे ‘राजवंश’ न लिहिता ‘राजरक्त’ हाच शब्द ठेवावा, कारण न्यायसभेने काढलेला शब्द तोच आहे.