मदत हवी आहे: सिंगल-मोड फायबरमध्ये बीम नीट शिरत नाही

नमस्कार मंडळी. रुबिडियमच्या प्रयोगासाठी ७८० नॅनोमीटरचा डायोड लेझर सिंगल-मोड फायबरमध्ये (प्रकाशाचा एकच मोड वाहून नेणारी बारीक काचेची तार) सोडायचा आहे. फायबरचा गाभा जेमतेम ५ मायक्रॉनचा, म्हणून दोन आरशांनी बीम 'वॉक' करतेय: लेझरकडच्या आरशाचा आडवा स्क्रू केसभर फिरवायचा, पॉवर पडली की फायबरजवळच्या आरशाने पुन्हा कमाल गाठायची, मग तेच उभ्या दिशेला. आधी फायबरच्या दुसऱ्या टोकातून लाल प्रकाश सोडून दोन्ही बीम एकमेकांवर आणले होते. तरीही फायबरमधून पार होणाऱ्या पॉवरची गाडी ३५ टक्क्यांपुढे सरकत नाही.

माझा संशय बीमच्या आकारावर आहे. आयआर कार्डावर (इन्फ्रारेड प्रकाश पडला की चमकणारं कार्ड) ठिपका चक्क लंबगोल दिसतो. लंबगोल बीम गोल करणारी अ‍ॅनामॉर्फिक प्रिझमची जोडी आत्ताच लावू, की आधी कपलिंग लेन्स (बीम फायबरच्या तोंडावर फोकस करणारी) पुढेमागे करून फोकस तपासू? प्रिझम लावले की सगळी अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल, म्हणून क्रम विचारतेय.

आणखी एक. रात्री एसी बंद असला की सकाळी पॉवर निम्म्यावर आलेली असते. आरसे उंच, बारीक पोस्टवर (धातूच्या खांबांवर) आहेत. आखूड, जाड पोस्ट लावून कुणाला खरंच फरक जाणवलाय का? की दोष फायबरच्या माउंटमध्ये शोधू?