मदत हवी आहे: 'गॉट टू' म्हणजे 'लागलं' की 'मिळालं'?

आठवणींच्या एका वहीचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतेय. लिहिणाऱ्या बाईंचं आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल एक वाक्य आहे: 'आय गॉट टू सिट विथ हर दॅट नाइट.' मी लिहून मोकळी झाले, 'त्या रात्री मला तिच्याजवळ बसावं लागलं.' मैत्रिणीने मसुदा वाचला आणि म्हणाली, अगं, हे पार उलटं झालंय, 'बसायला मिळालं' असं हवं. मागचं-पुढचं पुन्हा वाचलं तेव्हा पटलं. त्या बाईंना जी रात्र लाभली होती, ती मी त्यांच्यावर लादली होती. तेव्हापासून 'गेट' दिसलं की हात थबकतो.

सुटे अर्थ कळतात. 'गॉट अ लेटर' म्हणजे पत्र आलं, 'गॉट टायर्ड' म्हणजे दमले, 'गॉट होम' म्हणजे घरी पोचले. अडतं ते पुढे दुसरं क्रियापद आलं की. सक्ती आणि संधी वेगळी ओळखायची कशी? 'दे गॉट मॅरीड' आणि 'दे वेअर मॅरीड' यांत फरक आहे का? आणि 'गॉटन' हे रूप चूक की बरोबर? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी काळ बघा. सक्तीचं पूर्ण रूप 'आय हॅव गॉट टू गो', आणि ते वर्तमानातलं: मला जायलाच हवं. बोलताना 'हॅव' गळतं, उरलेल्याचं 'गॉटा' होतं. घडून गेलेली सक्ती सांगायची तर 'हॅड टू' वापरतात. तुमच्या वाक्यात 'दॅट नाइट' आहे, म्हणजे तिथे संधीच. मैत्रीण बरोबर आहे.

एक तिसरी छटाही आहे. 'आय गॉट टू नो हर' यात सक्ती नाही आणि दरवेळी संधीही नसते, हळूहळू ओळख होत गेली एवढंच. 'मिळालं' सगळीकडे चिकटवू नका.

आणि 'गेट'ला घाबरू नका. आपलं 'लागणे' घ्या: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, पत्ता लागतो, मूल बोलायला लागतं, मनाविरुद्ध जावं लागतं. मराठी शिकणाऱ्याला हे किती छळत असेल! आपण मात्र शेजारचा शब्द ऐकून अर्थ लावतो. 'गेट'चंही तसंच.

प्रतिसाद २

'दे गॉट मॅरीड' म्हणजे त्यांनी लग्न केलं, घटना. 'दे वेअर मॅरीड'चे दोन अर्थ निघतात: त्यांचं लग्न झालं, किंवा ते तेव्हा विवाहित होते. 'गेट'मध्ये बदल असतो, नुसती स्थिती नसते. म्हणूनच 'ही वॉज लव्ह्ड' चालतं, 'ही गॉट लव्ह्ड' कानाला खटकतं.

'गॉटन' चूक नाही. जुनं रूप आहे, ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. 'फरगॉटन'मध्ये त्याच जातीचं रूप दोन्हीकडे शिल्लक आहे. अमेरिकन लेखनात 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. तुमची लेखिका अमेरिकन असेल तर हा फरक जपा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: 'त्या रात्री मला तिच्यापाशी बसायला मिळालं.' पुढच्याच पानावर 'आय गॉट द नर्स टू ओपन द विंडो' आहे. 'नर्सला खिडकी उघडायला लावली' असं लिहिलं, पण 'लावली'त जबरदस्ती वाटते.

प्रतिसाद २

वाटतेच. जबरदस्तीसाठी त्यांच्याकडे 'मेड' आहे. 'गॉट'मध्ये समजावणं, विनवणं येतं. 'नर्सला सांगून खिडकी उघडून घेतली' लिहा. आपल्या 'करून घेणे'त ते नेमकं बसतं.