बरोबर असूनही माघार घ्यायची का?

प्रश्न:
लग्नाला सहा वर्षं झाली. आमची भांडणं मोठ्या गोष्टीवरून होतच नाहीत, "मी तुला सांगितलं होतं", "नाही, तू सांगितलंच नाहीस" यावरूनच होतात, मग मी मोबाईल काढतो आणि जुना मेसेज शोधून तिच्यासमोर धरतो. बहुतेक वेळा मीच बरोबर निघतो. पण नंतर दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. परवा ती म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं." हे फार लागलंय. पण म्हणून चूक नसताना कबूल करायची का?

उत्तर 1:
कबूल नको करूस. पण स्वतःच्या आठवणीवर एवढा भरवसाही नको. 1986 मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तर 44 पैकी 11 जणांचं सगळंच चुकलं, तरी बऱ्याच जणांना आपलं बरोबरच आहे अशी खात्री होती. म्हणजे "सांगितलंच नाहीस" म्हणणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही रे, त्याला खरंच तसंच आठवत असतं.

उत्तर 2:
मी तुमच्या बायकोच्या जागी होते म्हणून लिहिते. तो मेसेज दाखवला ना की मला माझी चूक कळायची, पण मी आधी जे सांगत होते, की मला एकटं पडल्यासारखं वाटतंय, ते तिथेच राहून जायचं. जोडप्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलेल्या गॉटमनच्या मते 69 टक्के वाद कधी पूर्ण सुटतच नाहीत. मग जिंकणार कशात? अजून एक, भांडताना नाडी 100 च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही असं तो सांगतो, तेव्हा किमान 20 मिनिटं थांबा, पण "परत येतो" असं सांगून जा, नुसतं उठून गेलात तर ते अजून लागतं.

उत्तर 3:
पैसे लपवणं, हात उगारणं, सतत "तुलाच भास होतात" म्हणणं, असलं काही असेल तर मात्र अजिबात सोडून देऊ नये, कोणीच.

प्रश्नकर्ता:
तसलं काही नाही आमच्यात. काल परत तोच विषय निघाला, मोबाईल हातात घेतला होता, खाली ठेवला. विचारलं, तुला नेमकं काय लागलं? ती बराच वेळ बोलत होती आणि त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.