‘ब्रेकडाउन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : किलस्विच एंगेज या मॅसॅच्युसेट्समधील मेटलकोअर (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंक यांच्या मिश्रणातले संगीत) बँडचा ‘धिस कॉन्सिक्वेन्स’ हा अल्बम २१ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. त्याचा मराठीत परिचय लिहिताना मी एका शब्दाशी अडलो आहे. ‘शेवटी जोरदार ब्रेकडाउन येतो’ हे माझे वाक्य वाचून वडिलांनी विचारले, ‘मग गाणे पुन्हा चालू कोणी केले?’ ब्रेकडाउन म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर घाटात बॉनेट उघडून उभी असलेली एसटीच येते. ‘विराम’ आणि ‘खंड’ हे शब्द योजून पाहिले. पण त्यांतून वाद्ये थांबल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात तिथेच ती सर्वांत जड वाजतात.

प्रतिसाद : इंग्रजीतही हा शब्द एका अर्थावर स्थिर नाही. अमेरिकी लोकसंगीतात ब्रेकडाउन म्हणजे धावती, नाचाला लावणारी रचना. अर्ल स्क्रग्ज यांचे १९४९ सालचे ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ हे बँजोवादन त्याच जातीचे. मेटलकोअरने हा शब्द हार्डकोअर पंक या वेगवान, आक्रमक रॉक प्रकाराकडून घेतला आणि तिथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे : गाणे एकदम संथ आणि जड वाटू लागते, तो भाग. तरीही ‘लय मंदावते’ असे सरसकट लिहू नये, कारण पुष्कळदा मात्रांचा वेग तोच राहतो. टेबलावर बोटाने एक-दोन-तीन-चार मोजत ऐकावे : आधी दोन आणि चारवर पडणारा स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका आता फक्त तीनवर पडतो, आणि मोजणी न बदलताही गाणे निम्म्या चालीने चालल्यासारखे वाटते. तबला शिकणारी मुले हातावर टाळी देत ठाय-दुगुणीचा (मूळ संथ लय आणि तिची दुप्पट) जो हिशेब शिकतात, तोच हा, फक्त उलट्या दिशेने. म्हणून ‘गाणे दुगुणीतून ठाय लयीत उतरते’ असे लिहावे.

दुसरा प्रतिसाद : ‘ठाय’ने लयीचा प्रश्न सुटतो, गिटारचा सुटत नाही. तळहाताने तारा दाबून काढलेले खुंटलेले आघात बास ड्रमच्या ठोक्याबरोबर पडतात, आणि ब्रेकडाउनचा खरा जोर त्या एकत्र पडण्यात आहे. (या बँडचे गिटारवादक आणि अल्बमचे निर्माते ॲडम डटकेविच सुरुवातीच्या काळात बँडमध्ये ड्रमच वाजवत असत.) शिवाय ठाय म्हटले की मराठी कानाला संथपणा आठवतो, आदळआपट नाही. माझ्या मते ‘ब्रेकडाउन’ हाच शब्द ठेवावा, पुल्लिंगी चालवावा आणि पहिल्या वापरात वर्णनाने उलगडावा.

प्रश्नकर्ता : दोन्ही सूचना जोडून वाक्य असे केले आहे : ‘दुगुणीत धावणारे ड्रम अचानक ठाय धरतात, गिटारही त्यांच्याच ठोक्यावर आदळू लागते, आणि हाच या गाण्याचा ब्रेकडाउन.’ वडिलांनी या वेळी एसटीचे नाव काढले नाही. ‘ठाय धरतात’ की ‘ठायीत येतात’, यावर मात्र त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे.