नागपूरहून मुंबई: चौघांचं बिऱ्हाड

वैदर्भीय: मे महिन्यात बदली, ऑफिस अंधेरी पूर्वेला. थोरली सातवीत जाईल. हाताशी किती रक्कम ठेवू? सामान सगळं आणू का?

लोकलवारी: अनामत साधारण तीन ते सहा महिन्यांची, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. म्हणजे ५० हजारांच्या घराला पहिलं भाडं धरून अडीच ते चार लाख एकदम जातात. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची. नोटरीवर भागवू नका. बजेट ताणलं तर घाटकोपरकडे बघा, मेट्रो थेट अंधेरीत सोडते.

दमटहवा: दादा, कूलर तिकडेच विका. इथल्या दमट हवेत तो खोली आणखी चिकट करतो. प्लायवूडची कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, नाहीतर जुलैत मागून बुरशी. घर बघताना खिडकीखालचा कोपरा नीट बघा. तेवढाच पट्टा ताजा रंगवलेला असेल तर पावसात गळतं, असंच समजा.

वैदर्भीय: आणि शाळा?

लोकलवारी: ती आधी, घर नंतर. सातवीला रिकामी जागा असेल तिथेच प्रवेश. जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका.