मदत हवी आहे: अबॅकोत व्हेल के (छोटं बेट) कधी ओलांडावं?

एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या लेक वर्थहून बहामाच्या अबॅको बेटांकडे ३८ फुटी शिडाची बोट न्यायची आहे, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारा भाग) १.८ मीटर. बहामातलं पहिलं ठिकाण वेस्ट एंड साधारण ५५ सागरी मैल. मधला गल्फ स्ट्रीम हा समुद्री प्रवाह ३ नॉटच्या (ताशी ३ सागरी मैल) आसपास उत्तरेला वाहतो, त्यामुळे वाऱ्यात उत्तरेचा जरासा अंश असला तरी निघायचं नाही. प्रवाहाविरुद्ध वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. एवढं पक्कं आहे.

अडचण पुढची. वेस्ट एंडजवळून उथळ पाण्यात शिरणारी इंडियन रॉकची वाट ओहोटीला आम्हाला उथळ पडते. चढत्या भरतीत शिरावं, की उत्तरेला मेमरी रॉकचा वळसा बरा?

खरी काळजी व्हेल के पॅसेजची. बेटाच्या आतल्या बाजूला डोन्ट रॉक खडकापाशी पाणी कमी, म्हणून बाहेरून, खुल्या समुद्रातून जावं लागतं. आणि दूरच्या वादळाचा स्वेल (लांबून येणाऱ्या लांब लाटा) आला की वारा पडलेला असतानाही तिथे लाटा फुटतात. स्वेल किती मीटर, दोन लाटांत किती सेकंदांचं अंतर असेल तर अलीकडच्या ग्रीन टर्टल के बेटापाशीच थांबावं?

शिवाय नांगर: तळाच्या समुद्री गवतात नांगराचं टोक रुतत नाही, मुळांवरून घसरतं. ३ मीटर पाणी, १ मीटर भरती, १ मीटर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची धरून सातपट, म्हणजे ३५ मीटर साखळी पुरेल ना?

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया आकड्यांसह सांगा.